सुटलेलं वाक्य

निरोप पाठवायचा असेल तर पराते सरांच्या हाती देऊ नये, हे नागपूरच्या इतवारीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक व्हायला एक लग्न मोडावं लागलं, एवढंच. त्यांच्या शेजारच्या निनाव्यांच्या मुलीला पाहायला कामठीचे लोक आले होते. जाताना मुलाच्या बापानं सरांना दारात गाठून सांगितलं, "मुलगी पसंत आहे म्हणून कळवून टाका. तसं नाक जरा जास्तच आहे, पण आमचा पोरगा तरी कुठचा राजकुमार लागून गेला." दुसरा कुणी असता तर पसंती कळवून, पेढा खाऊन मोकळा झाला असता. सरांनी निनाव्यांच्या ओसरीवर उभं राहून अख्खा निरोप दिला, नाकासकट, आणि बोलताना तो माणूस जिथं थांबला होता तिथं थांबून. मुलगी आतून ऐकत होती. तिनं जेवण सोडलं, आणि लग्न मोडलं ते मोडलंच. लोक सरांना बोलायला गेले तर सर शांतपणे म्हणाले, "बोलले ते. मी काहून गाळू?"

काकू, म्हणजे सरांची बायको, तेव्हा हयात होत्या. त्या मला म्हणाल्या, "ह्यायच्या हाती निरोप देनं म्हनजे पदरात इस्तव बांधनं हाय वं."

मी सरांकडे गेले एकाहत्तर साली. माझा नवरा कन्हानजवळच्या खाणीत दगावला होता, पदरात दोन मुली, वय एकोणतीस. शिवणकाम येत नव्हतं आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायचं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, शॉर्टहँड शीक, कोर्टकचेऱ्यांना काही मरण नाही. म्हणून मी सरांचा जिना चढले. खाली पितळी भांड्यांचं ठोक दुकान, वर सरांचा वर्ग. खाली गिऱ्हाईक घागर वाजवून पाहायचं आणि वर आम्ही दहा-बारा जण वहीत डोकं घालून सरांचं डिक्टेशन घ्यायचो. मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली की या आवाजात काही ऐकू येत नाही. सर म्हणाले, "दिल्लीच्या सभागृहात याहून जास्त गोंगाट होता, सुमनबाई. आणि तिथं भांडी नव्हती."

दिल्लीचं सभागृह म्हणजे घटना समितीचं. देशाची घटना जिथं तीन वर्षं ओळीओळीवर भांडून लिहिली गेली, तिथं सभासदांचं बोलणं टिपून घेणाऱ्या रिपोर्टरांमध्ये उमरेडच्या विणकराचा हा मुलगा बसत होता. घरचा माग सोडून शॉर्टहँड शिकलेला, पंचविशीतला, हंगामी नेमणुकीवरचा. पुढे ते नागपूरच्या विधानसभेत आले. नागपूरची राजधानी गेली तेव्हा त्यांची नोकरीही मुंबईला गेली. नोकरी गेली, हे गेले नाहीत. इतवारीत वर्ग काढून बसले.

अंगानं किडकिडीत, बंद गळ्याचा कोट, आणि खिशात दोन्हीकडून टोक केलेल्या तीन पेन्सिली. एक टोक मोडलं तर पेन्सिल फिरवायची, नवी शोधत बसायचं नाही. 'जवळजवळ', 'साधारण', 'असं काहीतरी' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. वाजले किती विचारलं तर दहा वाजून सतरा मिनिटं. ताप किती म्हटलं तर शंभर पॉइंट चार. नव्या विद्यार्थ्यानं डिक्टेशन वाचून दाखवताना अडखळून "म्हणजे साधारण असं म्हणाले की" अशी सुरुवात केली, की सर हात वर करायचे. "आशय वकिलानं सांगावा, पुढाऱ्यानं सांगावा. रिपोर्टरनं शब्द सांगावे. शब्द नसतील तर नाहीत म्हणावं." हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं.

डिक्टेशनला दुसरे मास्तर वर्तमानपत्र घेत. सर घटना समितीतल्या चर्चेचे छापील खंड घेत. भिंतीतल्या कोनाड्यात ते ओळीनं उभे असत आणि त्यांना हात लावायच्या आधी सर धोतराच्या सोग्याला हात पुसत. एका बाजूचं भाषण खिडकीशी उभं राहून वाचायचे, दुसऱ्या बाजूचं दाराशी. गती मात्र एकच. जिंकलेल्याला घाई नाही, हरलेल्याला ढिलाई नाही. मला कधीकधी एखाद्या भाषणाचा भारी राग यायचा आणि पेन्सिल कागदात रुतायची. सर येऊन वहीवरचा खळगा बोटानं चाचपायचे. "हे तुमचं मत आहे. ते जिन्याच्या खाली गेल्यावर."

त्यांचं स्वतःचं मत नव्हतं असं नाही. वर्ग सुटल्यावर चहा आला की ते बोलत. एका कलमावर दोन सभासद दोन दिवस भांडले, एकमेकांची तोंडं पाहायला तयार नव्हते, आणि तिसऱ्या सकाळी एकाच कागदावर दोघांनी मिळून नवा मजकूर आणला, ही गोष्ट त्यांची आवडती होती. "पहिल्याचं वाक्य नव्हतं, दुसऱ्याचंही नव्हतं. दोघांचे चेहरे पडले होते. तेव्हा मी समजलो, हे कलम टिकणार." घटना कुणी लिहिली, असं एका पोरानं विचारलं तर म्हणाले, "हरलेल्यांनी. जिंकलेले हात वर करून मोकळे झाले. हरलेल्यांनी हरता हरता एकेक शब्द बदलून घेतला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की आम्हालाही वाटायचं, भांडावं तर असं भांडावं. त्या माणसांवर त्यांचा जीव होता. ती सगळीच्या सगळी चांगली होती असं ते म्हणत नसत, पण बोलल्या शब्दाला ती बांधलेली होती असं म्हणत.

वर्गाचा एक नियम मात्र आम्हाला जाच वाटायचा. सभागृहात एकच रिपोर्टर दिवसभर लिहीत नाही. दहा मिनिटांचा एकेक टर्न असतो. दहा मिनिटं झाली की नवा माणूस येऊन टेबलाशी बसतो आणि जुना उठून आपलं टिपण टाइप करवून घ्यायला जातो. सर आम्हालाही तसे टर्न लावत. पण नियम असा की आपली वेळ संपली तरी, नव्याची पेन्सिल कागदावर चालू झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत आपली थांबवायची नाही. दोघांच्या वहीत दोन ओळी सारख्या आल्या तरी चालतील. न आल्या तर दोघांनाही उभं करत. एकदा एक मुलगी कुरकुरली, "सर, एखादी ओळ सुटली तर का आभाळ कोसळून राहिलं?" सर म्हणाले, "मी एकदा पेन्सिल थांबवली होती." त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

दोन वर्षांनी मला देवतळे वकिलांकडे स्टेनोची नोकरी लागली. कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस होतं. इतवारीत जाणं कमी झालं तरी सणावाराला मी सरांना भेटून यायची. काकू मधल्या काळात गेल्या. घरात सर, त्यांचा एकुलता एक मुलगा प्रभाकर आणि सून वत्सला राहिले. प्रभाकर एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. बापासारखाच किडकिडीत, पण हसरा. लहानपणापासून त्या खंडांवर वाढलेला. वत्सला उमरेडची, तिथल्या शाळेत मास्तरीण होती, लग्नानंतर बदली करून आलेली. बोलायला फटकळ, पण सासऱ्यांना सांभाळून होती.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. कुणी काही छापू शकत नव्हतं, बोलताना लोक आधी मागे वळून बघत. प्रभाकरनं बापाच्या कोनाड्यातला एक खंड कॉलेजात नेला आणि वर्गात मोठ्यानं वाचायला लागला. आणीबाणीत हक्कांसाठी कोर्टात जायचं दार बंद करता येईल, असं जे कलम आहे, त्यावर सव्वीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं, ते. पदरचं एक अक्षर नाही. तोही बापाचाच मुलगा. चौथ्या दिवशी पोलीस फाटकाशी उभे होते. मिसाच्या कायद्याखाली उचलला. मिसाखाली नेलेल्याला का नेलं ते सांगायचं बंधन सरकारवर नव्हतं. पोलिसांनी तो खंडही नेला आणि ओळीतली ती एक जागा रिकामी झाली.

वत्सला आणि सर देवतळे वकिलांकडे आले तेव्हा मीच दार उघडलं. वकील चांगला माणूस होता, आणि त्या दिवसांत मिसाची केस हाती घ्यायला छाती लागायची. काही हायकोर्टं अजून अटकेतल्यांचे अर्ज ऐकून घेत होती, त्यामुळे आशा होती. वकिलांनी त्या चर्चेचा खंड दुसरीकडून मिळवून ठेवला होता, पानापानांत कागदाच्या खुणा घातल्या होत्या.

"सर, धोक्याचे इशारे यात पाहिजे तेवढे आहेत," ते म्हणाले. "पण त्याचाच घोटाळा आहे. सरकारी वकील म्हणन, सभागृहानं इशारे ऐकले आणि तरीही कलम पास केलं. म्हणजे त्यायले हेच पाहिजे होतं. मले दुसऱ्या बाजूचा माणूस पाहिजे. ज्यायनं कलम मांडलं त्यायच्यातलं कोणी उठून म्हटलं का, की माणसाले आत टाकलं तरी निदान काहून टाकलं हे त्याले विचारता येईन?"

सरांनी खंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हटलं होतं. छापलेलं नाही."

आणि मग त्यांनी आम्हाला ते सांगितलं, जे काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं. एकोणपन्नासचा ऑगस्ट. दिल्लीचा घाम. कलम मताला टाकायची वेळ आली होती. विरोध करणारे थकले होते. हुकूम काढला तर तो संसदेपुढे ठेवावा लागेल, एवढी वेसण त्यांनी घालून घेतली होती आणि तीही भांडून. त्याच वेळी टर्न बदलला. आधीचा रिपोर्टर उठला, सर खुर्चीवर बसत होते. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं होतं. तेवढ्यात कलम मांडणाऱ्यांच्या बाजूचे एक सभासद अर्धवट उठले आणि समोरच्या बाकाकडे पाहून दोन वाक्यं बोलले. आवाज चढवून नाही, समजूत घालावी तसे. उठणाऱ्याला वाटलं, बसणारा लिहितो आहे. बसणाऱ्याला वाटलं, उठणाऱ्यानं घेतलं. संध्याकाळी टाइप झालेल्या कागदांत ती वाक्यं कुठंच नव्हती. सभासद आपलं भाषण तपासायला येत, त्यात दुरुस्त्या करत. ते गृहस्थ आलेच नाहीत, दोन वाक्यांसाठी कोण येतो?

"तुम्ही वरिष्ठांना सांगितलं नाही?" वकिलांनी विचारलं.

"नाही. मी हंगामी होतो. त्याच महिन्यात कायम करायची यादी निघायची होती." सर हे सरळ म्हणाले. "कायम झालो."

वकिलांच्या डोळ्यांत चमक आली. सभागृहात प्रत्यक्ष बसलेल्या रिपोर्टरचं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. कोर्ट मानेल न मानेल, पण रेकॉर्डवर येईल, न्यायाधीशांना ते वाचावं तरी लागेल. "उद्या या," ते म्हणाले, "आणि ते जे बोलले ते जसंच्या तसं सुमनबाईंना द्या." वत्सलेनं त्या दिवशी जाताना माझा हात दाबला. महिनाभरात तिला पहिल्यांदा जरा धीर आला होता.

दुसऱ्या दिवशी सर ठरल्या वेळेला आले. मी वही उघडली. सर उभे राहिले, वर्गात राहायचे तसेच, आणि सांगायला लागले. मी अमुक, राहणार अमुक, त्या वेळी अमुक कामावर होतो. टेबल कुठं, अध्यक्ष कुठं, आधीचा रिपोर्टर कोणत्या बाजूनं उठला. तीच संथ, एकसारखी गती. मग म्हणाले, "तेव्हा सदर सभासद उठले आणि म्हणाले."

आणि थांबले.

मी पेन्सिल धरून बसले. वर्गाच्या दोन वर्षांत मी त्यांना डिक्टेशन देताना अडलेलं पाहिलं नव्हतं. खाली रस्त्यावरून एक सायकलरिक्षा गेली. वत्सला भिंतीशी बाकावर बसली होती, ती पुढे सरकली.

"बाबा, सांगा नं. का म्हणाले होते ते?"

"आशय माहीत आहे, वत्सला. दार लोटलं तरी आतल्याला कारण विचारता येईल, असं आश्वासन होतं. पक्कं. शब्द नाहीत माझ्याजवळ."

"मंग आशय सांगा. कोर्टाले आशय पुरत नाही का?"

"'म्हणाले' असं लिहिलं आहे. म्हणाले म्हणजे हे शब्द म्हणाले. शपथेवर."

वकील मधे पडले. "'अशा अर्थाचं काही म्हणाले,' असं लिहू, सर. सव्वीस वर्षं झाली. कोणीच तुम्हाला दोष देणार नाही."

"'अशा अर्थाचं काही' मी कधी लिहिलं नाही." सरांचा आवाज चढला नव्हता. "एकदा त्यांचे शब्द मी गाळले. आता माझे शब्द त्यांच्या तोंडी घालू? मग ते पुस्तकच खोटं झालं. माझं एक वाक्य त्यात घुसतं, तर दुसऱ्या कुणाचीही घुसली असतील."

वत्सला उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुमचा पोरगा आत हाय, बाबा. आत गेल्यापासून त्याच्या लघवीतून रक्त जाऊन राहिलं. हा काई लग्नाचा निरोप नाही. तुमाले माहीत हाय ते खरं बोलले होते. मले माहीत हाय. हे वकीलसाहेब, ही सुमनताई, साऱ्यायले माहीत हाय. मंग खोटं कोनाच्या घरचं झालं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सांगतील. पण ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शेवटचं वाक्य खोडा. असं लिहा. त्या वेळी एक सभासद बोलत होते हे मी ऐकलं. त्यांचे शब्द मी टिपून घेतले नाहीत, आणि ते आज मला सांगता येत नाहीत." मग पूर्णविराम सांगितला.

मी टाइप केलं. त्यांनी सही केली. वकिलांनी कागद उचलला, वाचला, आणि फाइलमध्ये न लावता टेबलाच्या खणात ठेवला. त्याचा उपयोगच नव्हता. मी सरांना एक प्रत देऊ केली, तर वत्सला म्हणाली, "देऊन टाका त्यायले. सांभाळून ठेवतीन."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, इतकी वर्षं झाली तरी. माझ्या दोन मुलींची पोटं त्यांच्या विद्येवर भरली, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघू नये, पण निघतो. हंगामी माणसानं भीतीपोटी एक चूक झाकली आणि मग ती फेडायला आयुष्यभर इतका चोख राहिला, की तो चोखपणाच शेवटी मुलाच्या आड आला. एवढं सरळ त्यांना दिसत नव्हतं, की दिसूनही जमत नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. जमत नसावं.

पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीहून निकाल आला. आणीबाणी असेतो अटकेतल्या माणसाला कोर्टात येऊन 'मला का धरलं' असं विचारायचा हक्क नाही. सगळ्याच हायकोर्टांतल्या अर्जांवर बोळा फिरला. देवतळे वकील स्वतः इतवारीत जाऊन सरांना सांगून आले, "सर, मनाले लावून घेऊ नका. तुम्ही ते वाक्य दिलं असतं तरी हेच झालं असतं." सर म्हणाले, "ते मला कळतं." त्यांनी वर्ग बंद केला नाही, पण डिक्टेशनला खंड घेणं सोडलं. बाजारभाव द्यायचे. गहू, तूर, सरकी. मी एकदा जिन्यात उभी राहून ऐकलं आणि तशीच परत गेले.

प्रभाकरला मधेच दूरच्या तुरुंगात हलवलं. वत्सला दोनदा जाऊन आली. प्रतिज्ञापत्राचं तिनं त्याला सांगितलं होतं. तो काय म्हणाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "भिंतीकडे पाहून राहिला."

सत्त्याहत्तरला तो सुटला तेव्हा त्याची मूत्रपिंडं कामातून गेल्यात जमा होती. तो इतवारीत उतरलाच नाही. वत्सला त्याला थेट उमरेडला माहेरी घेऊन गेली, शाळेतली जुनी जागा तिनं परत मिळवली. सर दर रविवारी एसटीनं उमरेडला जात. वत्सला दार उघडायची, चहा द्यायची, तिनं कधी त्यांचा अपमान केला नाही. प्रभाकर पेपर वाचत बसायचा. सर तासभर समोर बसून परतीची बस पकडायचे. असे किती रविवार गेले असतील. एकदाच प्रभाकर बोलला, तेही पेपर खाली न करता. वत्सलेनं मला सांगितलं ते असं. "निकाल तोच लागला असता, हे मलेही माहीत आहे, बाबा. पण सारा देश गप्प होता. तुम्ही माझ्या बाजूनं एक वाक्य तरी बोलायले पाहिजे होतं."

सरांनी कप खाली ठेवला आणि परतीची बस पकडली.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात वत्सलेचा निरोप आला की आता फार दिवस नाहीत, येऊन जा. त्या रविवारी मी सरांबरोबरच गेले. बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, हात मांडीवर. उमरेडच्या स्टँडपासून घरापर्यंत आम्ही चालत गेलो. त्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते, आणि धोट्याचा खटखट आवाज सगळीकडून येत होता.

प्रभाकर खाटेवर होता. चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा झालेला, पाय पांघरुणाबाहेर, तेही सुजलेले. मी त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि दाराशी सरकून वत्सलेजवळ उभी राहिले. सर नेहमीसारखे समोर बसायला खुर्ची ओढू लागले, तर प्रभाकरनं हातानं खाटेवर जागा दाखवली. सर तिथं बसले.

"बाबा," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता, तुटक बोलत होता. "ते त्या दिवशी काय म्हणाले होते?"

सरांनी पाठ ताठ केली. क्षणभरही घेतला नाही. "ते म्हणाले, दार काही काळ लोटून घ्यावं लागेल. पण आतल्या माणसानं मला का कोंडलं असं विचारलं, तर त्याला उत्तर द्यायला हे राज्य बांधलेलं राहील. या सभागृहाला मी तसा शब्द देतो."

सगळं त्याच गतीत, त्याच आवाजात. वर्गात एखादं भाषण वाचत असावेत तसं.

प्रभाकर छताकडे पाहत ऐकत होता. "हेच शब्द होते?"

"हेच."

"नक्की?"

"मी तिथं बसलो होतो," सर म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

वत्सलेनं माझ्याकडे पाहिलं. ते प्रतिज्ञापत्र टाइप करणारी मी आणि तिथं समोर उभी राहून भांडलेली ती, आम्हा दोघींनाही माहीत होतं की हे शब्द सरांनी रचलेले आहेत. केव्हा रचले, कोण जाणे. बहुधा त्या एसटीच्या प्रवासांत. प्रभाकरचा चेहरा सैल पडला. त्यानं बापाचा हात धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा धरला असेल. वत्सला पदर तोंडाला लावून आत गेली.

बसची वेळ झाली तेव्हा मी सरांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही या सुमनबाई, मी राहतो." ते राहिले ते राहिलेच. प्रभाकर पुढच्या आठवड्यात गेला, आणि सर इतवारीत परत आले नाहीत. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

त्या रविवारी निघताना मी चपला घालत होते तेव्हा आतून प्रभाकरचा आवाज आला. "पुन्हा एकदा सांगा, बाबा." आणि सरांनी पुन्हा सांगितलं. दार काही काळ लोटून घ्यावं लागेल. पण आतल्या माणसानं मला का कोंडलं असं विचारलं, तर त्याला उत्तर द्यायला हे सरकार बांधलेलं राहील. मी पायरीवर थांबले. मघाशी राज्य म्हणाले होते. प्रभाकरला ते कळलं नसावं. सरांना कळलं होतं, कारण त्या शब्दापाशी त्यांचा आवाज किंचित अडला, मग ते तसेच पुढे गेले आणि वाक्य पुरं केलं.